भाव दाखवणाऱ्यांनाही नियम लावा : इंदूरच्या एका दुकानदार बाईचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
नवी दिल्ली.

विषय : ऑनलाइन विक्रेत्यांची माहिती घेऊन किमतींची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांसाठी स्वतंत्र नियम करण्याबाबत.

महोदय,

इंदूरला महाराणी रोडवर आमचे घरगुती विजेच्या सामानाचे दुकान आहे. मिक्सर, गीझर, पंखे, इस्त्री, इंडक्शन असा माल. दुकान सासऱ्यांनी काढले, आता माझे यजमान आणि मी चालवतो. माल आणणे, कंपनीच्या लोकांशी बोलणे, दुरुस्ती हे त्यांच्याकडे, काउंटर माझ्याकडे. गिऱ्हाइकाशी भावावरून जे काही बोलणे होते ते माझ्याशी होते, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. आपल्याला टपालाने पाठवतेच आहे, पण इतरांनीही वाचावे म्हणून जाहीर करते आहे.

हल्ली येणारे गिऱ्हाईक भाव फोनवर पाहूनच पायरी चढते. त्यात वाईट काहीच नाही. रामबागेतल्या निवृत्त शिक्षिका असोत की सुदामा नगरात नवे बिऱ्हाड मांडणारे जोडपे, पैसे टाकण्याआधी चार ठिकाणी विचारणे हा त्यांचा हक्क आहे. पूर्वी त्यासाठी जेल रोडपासून आमच्यापर्यंत उन्हातान्हात पायपीट व्हायची. आता किंमत तुलना करणारे एखादे संकेतस्थळ उघडले की चार ऑनलाइन विक्रेत्यांचे भाव एकाखाली एक दिसतात. ही सोय टिकली पाहिजे, असे मला दुकानदार असूनही मनापासून वाटते. पण ते भाव कुठून आले, कधीचे आहेत, त्यांत काय धरले आणि काय सोडले, कोणी पैसे दिले म्हणून कोण वर दिसतो, यासाठी आपल्याकडे वेगळा नियमच नाही. इतकी वर्षे हे तसेच चालू आहे आणि आता गप्प बसवत नाही.

आपले ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० रोजी निघाले. त्यांत दोन प्रकारच्या कंपन्या ओळखल्या आहेत : दुसऱ्यांना विक्रीसाठी जागा देणारी आणि स्वतःचा माल विकणारी. तुलना करणारे संकेतस्थळ यांपैकी कशातच धड बसत नाही. ते काही विकत नाही. भाव दाखवते, बटण दाबले की गिऱ्हाइकाला विक्रेत्याकडे पाठवते आणि त्याबद्दल विक्रेत्याकडून कमिशन घेते. आमची मुलगी वकिली शिकते. तिने आणखी एक गोष्ट दाखवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे. तुलनेचे संकेतस्थळ वापरणाऱ्याकडून एक पैसा घेत नाही. मग त्याने दाखवलेल्या चुकीच्या भावामुळे फसलेला माणूस त्या संकेतस्थळाचा ग्राहक ठरतो का? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईचा अधिकार आपल्याकडे आहे, १० लाखांपर्यंत दंडही आहे. पण ते संकेतस्थळ 'ही जाहिरात नाही, माहिती आहे' म्हणाले की वाद पहिल्या पायरीवर अडतो. ही फट आपणच बुजवू शकता.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार दिसणाऱ्या आकड्याची. धनत्रयोदशीच्या गर्दीत एक ओळखीच्या ताई मिक्सर घ्यायला आल्या. आमच्याकडे भाव ३,४५० रुपये, त्यांच्या फोनवर २,८९९. "वहिनी, इतका फरक कसा?" हा प्रश्न ओळखीच्या माणसाने भर गर्दीत विचारला की काय होते ते दुकान चालवणाऱ्यालाच कळते. मी म्हटले, ताई, तुम्ही इथेच उभ्या राहून शेवटच्या पानापर्यंत जा. त्या गेल्या. विक्रेत्याच्या पानावर भाव निघाला ३,१९९. कमी दिसणारे ३०० रुपये एका बँकेचे क्रेडिट कार्ड असेल तरच सुटणार होते, आणि ताईंकडे कुठलेच क्रेडिट कार्ड नव्हते. डिलिव्हरीचे ७९ वाढले, प्लॅटफॉर्म फी म्हणून ९ वाढले. एकूण ३,२८७. तरीही ते आमच्यापेक्षा कमीच होते, हे मी मान्य करते. पहिल्याच पानावर ३,२८७ दिसले असते तर ताईंनी शांतपणे हिशेब केला असता : इतक्या फरकात इंदूरमधले बिल हवे का, बिघडल्यावर दुकानात आणून टाकता येणे हवे का. तो निर्णय त्यांचा होता. २,८९९ च्या आकड्याने तो निर्णय घेण्याआधीच आम्हाला लबाड ठरवले.

आपल्याच नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात, डिलिव्हरी, हाताळणी आणि कर यांच्या फोडीसह द्यायची आहे. ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांविषयी, म्हणजे डार्क पॅटर्नविषयी, ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपण तेरा प्रकार सांगितले. आधी कमी भाव दाखवून मग टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे हा त्यांतलाच एक. विक्रेत्यावर एवढे बंधन आहे, पण गिऱ्हाइकाला पहिला आकडा जो दाखवतो त्याच्यावर ते स्पष्ट शब्दांत कुठेच नाही.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती मालाची आहे. तुलना करणारी बरीच संकेतस्थळे नावावरून वस्तू जुळवतात. कंपनीचे नाव तेच, मालिका तीच, फोटो जवळजवळ सारखा, म्हणून मिक्सर तोच. आमच्या धंद्यात असे चालत नाही. एकाच नावाचा मिक्सर ५०० वॉटचा असतो आणि ७५० वॉटचाही. एकात तीन भांडी, दुसऱ्यात चार. मोटरचे वायंडिंग तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे, यावर ती पुरणपोळीच्या दिवशी किती तग धरेल हे ठरते. भिजवलेली डाळ सलग वाटली की हलकी मोटर तापते, वास मारते, ओव्हरलोडचे लाल बटण उडते आणि मग बाई आमच्याकडे येऊन विचारते, हे असे का झाले. काही मॉडेल कंपन्या फक्त ऑनलाइन विक्रीसाठी काढतात. मॉडेल नंबरच्या शेवटी एखादे अक्षर वेगळे असते आणि त्या एका अक्षरात वॉट, भांडी, वॉरंटी सगळे बदललेले असते. तुलनेच्या तक्त्यात ते अक्षर येतच नाही.

पंख्यांचेही तेच. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला विजेची बचत दाखवणारे स्टार लेबल सक्तीचे झाले. एक स्टारचा आणि पाच स्टारचा पंखा एका ओळीत ठेवून 'सर्वांत स्वस्त' असा हिरवा शिक्का एक स्टारवर मारला, तर विजेच्या बिलात तो फरक वर्षानुवर्षे कोण भरणार? गीझरच्या लेबलवर ते कुठल्या मुदतीचे आहे हे छापलेले असते, कारण निकष बदलत जातात. हे सगळे खोक्यावर आहे, विक्रेत्याच्या पानावरही खाली कुठेतरी आहे. तक्त्यात नाही. किराण्यात पाहा : पाकिटावर ग्रॅम-किलोमागचा किंवा मिली-लिटरमागचा दर छापण्याचा नियम आपल्याच विभागाने आणला, आणि तो फार चांगला आहे, कारण ९०० ग्रॅमचे पाकीट एक किलोच्या पाकिटाशेजारी ठेवले की स्वस्त दिसते. तोच विचार इथे का नाही?

तिसरी तक्रार वेळेची. सणाच्या विक्रीत ऑनलाइन भाव दिवसातून अनेकदा बदलतात. सकाळी उचललेला आकडा संध्याकाळी दिसत असेल, तर निदान 'हा भाव सकाळी नऊचा' एवढे तरी लिहा. आणि माल इंदूरच्या पिनकोडवर येतच नसेल तर तो भाव इंदूरच्या माणसाला दाखवूच नका.

चौथी, कमिशनची. तक्त्यात कोण वर आणि कोण खाली, आणि कोण तक्त्यातच नाही, हे कशावरून ठरते ते वाचणाऱ्याला कळत नाही. जो विक्रेता कमिशन देत नाही त्याचा भाव सगळ्यात कमी असला तरी तो न दाखवण्याची मुभा संकेतस्थळाला आहे, आणि वर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण बाजारातील सर्वोत्तम भाव' असे लिहिण्याचीही. २०२० च्या नियमांत, विक्रीसाठी जागा देणाऱ्या कंपन्यांनी माल कोणत्या निकषांवर वर-खाली लावला जातो ते सोप्या भाषेत सांगावे, असे आहे. तुलना करणाऱ्याचे तर सगळे कामच क्रम लावण्याचे, आणि त्यालाच ही अट नाही.

असे नियम करणे अवघड आहे, असे कोणी म्हणू नये. विमा नियामकाने विम्याची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांना नोंदणी सक्तीची केली आणि २०१७ च्या विनियमांत, विमा योजनांना मानांकन द्यायचे नाही, क्रमवारी लावायची नाही, 'सर्वाधिक खपाची' असे मिरवायचे नाही, असे स्पष्ट लिहिले. पॉलिसीला एक न्याय आणि प्रेशर कुकरला दुसरा, हे का? मिक्सरसाठी इतकी कडक बंदी मी मागत नाही, पण क्रमामागचे पैसे तरी उघड करा. हा विषय जगभर गाजलेला आहे. गुगलने शोध निकालांत स्वतःच्याच तुलना-सेवेला झुकते माप दिले म्हणून युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि तो २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. आपल्या स्पर्धा आयोगानेही २०१८ मध्ये शोध निकालांतल्या पक्षपाताबद्दल गुगललाच १३५.८६ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता.

पाचवी तक्रार लिहिताना मी थोडी दुसऱ्या बाजूला जाते आहे, आणि माझ्या बाजारातले काही जण त्यावर नाराज होतील. तुलना करणाऱ्यांना अचूक माहिती मिळण्याचा रस्ताच आज बंद आहे. आमच्या शेजारच्या एका कुटुंबातला मुलगा इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक छोटे संकेतस्थळ केले होते : ऑनलाइन भाव, आणि शेजारी महाराणी रोड, जेल रोडवरच्या दुकानांचे भाव. आम्हीही आमचे भाव त्यांना देत होतो. कमिशन नाही, जाहिरात नाही. एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने आधी त्यांचा प्रवेश अडवला, मग वकिलाचे पत्र पाठवले. पोरे घाबरली, आईवडील त्याहून घाबरले, संकेतस्थळ बंद झाले.

कायद्याची बाजू मुलीने मला समजावली ती अशी. नुसती किंमत ही कोणाची साहित्यकृती नव्हे. मेहनत आणि पैसा घालून यादी केली एवढ्यावर कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. माहितीच्या संग्रहावर युरोपात १९९६ पासून जो खास हक्क आहे, तसा आपल्याकडे नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उचलली तर भरपाई द्यावी लागू शकते. शिवाय विक्रेत्याच्या पानावरच्या अटी आहेतच. म्हणजे भाव सगळ्या जगाला उघड दिसतो, माणसाने पाहिला तर चालते, आणि तुलनेसाठी प्रोग्रामने वाचला तर वकिलाचे पत्र येते. मग उरतो विक्रेत्याच्या कमिशन-कराराचा मार्ग. त्यात अटी विक्रेत्याच्या : किंमत किती वेळ साठवायची, जुने भाव दाखवायचे की नाही, हे तोच ठरवतो. ज्याची तुलना व्हायची त्याच्याच हातात तुलनेची दोरी.

विक्रेत्यांचे एक म्हणणे मला पटते. हजारो प्रोग्राम रात्रंदिवस पाने ओढत राहिले तर त्यांच्या यंत्रणेवर ताण येतो. त्याला उपाय आहे : मोठ्या विक्रेत्यांनी भावांची माहिती एका ठरलेल्या साच्यात स्वतःच द्यावी. जर्मनीत २०१३ पासून पेट्रोल पंपांना बदललेला भाव पाच मिनिटांत स्पर्धा नियामकाला कळवावा लागतो, आणि नियामक तो तुलना करणाऱ्या सेवांना देतो. इस्रायलने २०१५ पासून मोठ्या किराणा साखळ्यांना दुकानवार भाव ऑनलाइन जाहीर करायला लावले. आपल्याकडेही ट्राय या दूरसंचार नियामकाने मोबाइल कंपन्यांचे दर एका ठिकाणी पाहता येतील असे संकेतस्थळ २०१८ मध्ये काढले. औषधांच्या किमती पाहण्यासाठी 'फार्मा सही दाम' आहे. खुद्द आपला विभाग देशभरातल्या शेकडो केंद्रांवरून जीवनावश्यक वस्तूंचे भाव रोज गोळा करतो. म्हणजे सरकारला हे काम करता येते.

एक धोकाही लिहिला पाहिजे. डेन्मार्कमध्ये १९९३ मध्ये सरकारी यंत्रणेने तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारांतले भाव छापायला सुरुवात केली आणि ते उतरण्याऐवजी चढले, कारण विक्रेते एकमेकांचे भाव पाहून सावध झाले. म्हणून खुले करायचे ते गिऱ्हाइकाला दिसणारे किरकोळ भावच. आम्हाला कंपनीकडून माल कितीला पडतो, कोणाला किती स्कीम मिळते, ते त्यात येता कामा नये.

जुने भाव एवढ्यासाठी महत्त्वाचे की 'साठ टक्के सूट' ही बहुतेक वेळा छापील कमाल किमतीवर मोजलेली असते. त्या किमतीला ती वस्तू कधी कोणी विकलेलीच नसते. युरोपात २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव सांगावा लागतो. आपल्याकडे असे असते तर दिवाळीच्या आठ दिवस आधी भाव चढवून मग उतरवण्याचा प्रकार गिऱ्हाइकाला आपोआप दिसला असता.

आमच्या बाजारात, सियागंजात कुठल्याही किराणा दुकानात जा, काट्यावर वजनमापे विभागाचा शिक्का असतो; ठरलेल्या मुदतीत तो तपासून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. केंद्रात वजनमापांचा कायदा आपल्याच विभागाकडे आहे. आज गिऱ्हाइकाच्या हातातला फोन हा त्याचा काटा झाला आहे, आणि त्यावर कुणाचाच शिक्का नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

२०२० च्या नियमांत किंमत तुलना करणाऱ्या संकेतस्थळांची आणि ॲपची स्वतंत्र व्याख्या घाला. ब्राउझरमध्ये बसून आपोआप भाव सुचवणारी छोटी साधनेही त्यात धरा. सेवा मोफत असली तरी वापरणाऱ्याला आपल्याकडे तक्रार करता येईल, असे स्पष्ट लिहा. अशांची नोंदणी करा, मालक कोण आणि कोणत्या विक्रेत्याशी मालकीचे नाते आहे ते पहिल्या पानावर असू द्या.

भाव दाखवताना कोणतेही कार्ड, कूपन किंवा जुन्या मालाची अदलाबदल न धरता त्या पिनकोडवर प्रत्यक्ष भरावी लागणारी पूर्ण रक्कम आधी दाखवावी. सवलती त्याखाली, अटींसह. भाव कधी घेतला ती वेळ शेजारी असावी. पूर्ण मॉडेल नंबर जुळल्याशिवाय दोन वस्तू एका ओळीत येऊ नयेत, आणि वॉट, स्टार, वॉरंटी हे रकाने विजेच्या सामानासाठी सक्तीचे करावेत.

कमिशन मिळते का, क्रम कशावरून लागतो, कोणते मोठे विक्रेते यादीत नाहीत, हे तक्त्याच्या वरच मराठी-हिंदीसह वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावे. पैसे घेऊन वर आणलेल्या ओळीवर 'जाहिरात' असे तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. कोण काय शोधतो ही माहिती परवानगीशिवाय विक्रेत्याला विकू नये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठी आहेच, त्याचा उल्लेख या नियमांत करावा.

ठरावीक उलाढालीच्या वरच्या ऑनलाइन विक्रेत्यांनी किरकोळ भाव, उपलब्धता आणि मागील ३० दिवसांतला किमान भाव एका समान साच्यात, नोंदणीकृत तुलनाकारांना विनामूल्य आणि सर्वांना सारख्याच अटींवर द्यावा. असा भाव नियमांप्रमाणे वापरणाऱ्यावर कलम ४३ चा बडगा येणार नाही, याची तरतूद माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाशी बोलून करावी. आमच्यासारख्या छोट्या दुकानांना सक्ती नको, पण ज्यांना आपले भाव त्याच साच्यात द्यायचे असतील त्यांना दार उघडे असावे. आम्ही पहिल्या दिवशी देऊ.

आणि भाव चुकीचा आढळला तर दुरुस्तीची मुदत ठरवा. कळवल्यापासून २४ तासांत दुरुस्त न केल्यास दंड, आणि वारंवार चुकणाऱ्यांची नावे आपल्या संकेतस्थळावर जाहीर.

या नियमांचा मसुदा काढाल तेव्हा तो फक्त इंग्रजीत काढू नका आणि हरकतींसाठी निदान ६० दिवस द्या. दिवाळीच्या महिन्यात मात्र काढू नका, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही चार ओळी लिहायला सवड नसते. महाराणी रोडवरचे काही दुकानदार, ते संकेतस्थळ बंद करावे लागलेली मुले आणि आमच्या काही गिऱ्हाइकांनी एकत्र बसून हरकती लिहायचे ठरवले आहे. मिक्सरच्या दोन मॉडेलांची खोकी आणि तक्त्यात ती एकच दाखवल्याचे फोटो आमच्याकडे आहेत. आपण मागाल तेव्हा पाठवू.

आपली,
महाराणी रोडवरील एक दुकानदार,
इंदूर